डिझेल पिकअपला जादा इंधन फिल्टर बसवताना: निवड, जागा, जोडणी आणि तपासणी

कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) इंधन देणाऱ्या, डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १६०० बारपासून २५०० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरमधील हलत्या भागांमधली फट अवघी दोन ते चार मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. एवढ्या दाबाखाली त्या फटीत शिरलेला कठीण कण, म्हणजे वाळूचा किंवा गंजाचा कण, धातूचा पृष्ठभाग खरवडत जातो. हळूहळू इंजेक्टर गळू लागतो, परतीच्या नळीतून जाणारे इंधन वाढते आणि इंजिन धूर टाकू लागते. साध्या डोळ्यांना सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. त्यामुळे बाटलीत धरलेले डिझेल नितळ दिसले, तरी ते इंजेक्टरच्या दृष्टीने स्वच्छ आहे असे ठरत नाही.

जादा फिल्टरचा विचार यातूनच सुरू होतो. मात्र चुकीच्या जागी किंवा अस्वच्छ हातांनी बसवलेला फिल्टर काहीही न बसवण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. लाईन तोडताना आत गेलेली रबराची एक चकती, सैल जोडातून ओढली जाणारी हवा किंवा पंपाला पुरेसे इंधन न मिळाल्याने झालेली त्याची उपासमार यांपैकी कोणतीही एक गोष्ट फिल्टरचा सारा फायदा पुसून टाकते. म्हणून पुढील मजकुरात फिल्टर कोणता घ्यावा यापेक्षा तो कुठे आणि कसा बसवावा याला अधिक जागा दिली आहे.

आधी मूळ व्यवस्था समजून घ्यावी

टाकीपासून इंजिनापर्यंतची लाईन हाताने चाचपत आणि वाहनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवून एकदा पूर्ण पाहून घ्यावी. फीड पंप, म्हणजे टाकीतून इंधन उचलून हाय प्रेशर पंपाला देणारा पंप, कुठे आहे हा यातला कळीचा प्रश्न आहे. काही पिकअपमध्ये तो विजेवर चालतो आणि टाकीतच असतो. अशा वाहनात टाकीनंतरची सगळी लाईन दाबाखाली असते. काहींमध्ये फीड पंप इंजिनावर किंवा हाय प्रेशर पंपाच्या अंगातच असतो आणि टाकीपासून तिथपर्यंतचे डिझेल ओढून घ्यावे लागते. जनरल मोटर्सच्या पिकअपमधील ड्युरामॅक्स इंजिनांना २००१ ते २०१६ या काळात कंपनीकडून विजेचा फीड पंप दिलेला नव्हता आणि सारी लाईन ओढीवर चालत असे. २०१७ पासून आलेल्या पिढीत हा पंप टाकीत आला. एकाच घराण्याच्या इंजिनांत एवढा फरक असू शकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलेली मांडणी जशीच्या तशी उचलू नये.

ओढीच्या बाजूला जोड सैल असला, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत येते. दाबाच्या बाजूला गळती डोळ्यांना दिसते, परंतु तिथे बसवलेल्या प्रत्येक वस्तूला तो दाब सोसता आला पाहिजे. खाली पारदर्शक बाऊल, म्हणजे पाणी साचण्याची वाटी, असलेले अनेक फिल्टर केवळ ओढीच्या बाजूसाठी बनवलेले असतात. टाकीतील पंपाच्या दाबावर असा बाऊल लावणे धोक्याचे आहे. फिल्टरच्या तपशिलात कमाल दाब स्पष्ट छापलेला नसेल, तर तो फिल्टर दाबाच्या बाजूला वापरू नये.

मायक्रॉनचा आकडा आणि त्यामागील अर्थ

खोक्यावर छापलेला ‘१० मायक्रॉन’ हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडवले जातात, हे बीटा गुणोत्तरावरून कळते. फिल्टरच्या आधी मोजलेले कण भागिले नंतर मोजलेले कण, असे हे गुणोत्तर आहे. बीटा २ म्हणजे निम्मे कण अडले, बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के आणि बीटा १००० म्हणजे ९९.९ टक्के. दोन फिल्टरांवर १० मायक्रॉन असे छापलेले असूनही एक निम्मा कचरा पुढे सोडत असेल आणि दुसरा हजारातला एकच कण सोडत असेल, हे सहज शक्य आहे. डिझेल फिल्टरांची ही चाचणी आयएसओ १९४३८ या मानकानुसार होते. तपशीलपत्रात त्या मानकाचा उल्लेख आणि बीटा आकडा दोन्ही असलेला फिल्टर निवडावा.

इंधनाच्या स्वच्छतेसाठी आयएसओ ४४०६ ही संकेतपद्धत वापरतात. तीत एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे किती कण आहेत, हे तीन अंकांनी दाखवतात. वाहन उत्पादकांच्या संघटनांनी तयार केलेल्या वर्ल्डवाइड फ्युएल चार्टरमध्ये डिझेलसाठी १८/१६/१३ ही पातळी सुचवलेली आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रॉनवरचे १३०० ते २५०० कण, ६ वरचे ३२० ते ६४० आणि १४ वरचे ४० ते ८०. संकेतातला अंक एकने वाढला की कणांची संख्या साधारण दुप्पट होते. शिफारस पाळणारे डिझेलसुद्धा कणविरहित नसते आणि पुढे साठवण, पिंप व कॅन यांतून जाताना ते मळतच जाते.

यावरून सगळ्यात बारीक, दोन मायक्रॉनचाच फिल्टर पहिल्यांदा लावावा असे वाटेल. तसे करू नये. बारीक फिल्टर पहिला असला, की मोठा कचराही त्यालाच झेलावा लागतो, तो लवकर चोक होतो आणि पंप ताणला जातो. पहिला टप्पा ३० किंवा १० मायक्रॉनचा आणि पाणी वेगळे करणारा असावा, त्यानंतरचा टप्पा २ ते ५ मायक्रॉनचा असावा. एकाच प्रतीचे दोन फिल्टर एकामागोमाग लावण्यात विशेष अर्थ नाही, कारण जवळजवळ सगळे काम पहिलाच करतो. तेच दोन समांतर लावले, तर गाळणाऱ्या माध्यमाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, प्रवाहाचा वेग निम्म्यावर येतो आणि दोघांचेही आयुष्य वाढते.

फिल्टरची प्रवाहक्षमता ठरवताना इंजिन किती डिझेल जाळते यावर जाऊ नये. १५० किलोवॅटचे इंजिन पूर्ण भारावर ताशी सुमारे ४० लिटर जाळते, परंतु फीड पंप त्याहून बरेच अधिक डिझेल फिरवतो आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत जाते. मॅन्युअलमध्ये दिलेला पंपाचा प्रवाह घ्यावा आणि त्यावर सढळ हाताने वाढ धरावी.

माझे मत विचारले तर बहुतेक वाहनांना एक चांगला, मोठ्या बाऊलचा सेडिमेंटर, म्हणजे पाणी व गाळ तळाशी बसवून वेगळे करणारा भाग, आणि मूळ फिल्टर वेळेवर बदलण्याची शिस्त एवढे पुरते. तिसरा, अतिबारीक टप्पा धुळीच्या कामावर किंवा पिंपातून डिझेल भरणाऱ्या वाहनांनाच शोभतो.

पाण्याचा प्रश्न

युरोपीय ईएन ५९० मानकात डिझेलमधील पाण्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. ८० लिटरच्या टाकीला हा हिशेब लावला, तर मानकात बसणाऱ्या इंधनातही १३ ग्रॅमपर्यंत पाणी असू शकते. त्यातले काही विरघळलेले असते आणि तापमान उतरले की ते मोकळे होऊन तळाशी बसते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली, की आतल्या हवेतील बाष्पही त्यात भर घालते. पाण्यामुळे पंपातील वंगण तुटते, गंज धरतो आणि इंधन व पाणी यांच्या सीमेवर बुरशीची वाढ होते. तिचा काळसर चिकट थर फिल्टर बघता बघता बुजवतो. विरघळलेले पाणी कोणताही साधा सेडिमेंटर अडवत नाही. तो फक्त मोकळे आणि थेंबांच्या रूपातले पाणी वेगळे करतो.

यामुळेच पाणी वेगळे करण्याची जागा फीड पंपाच्या आधी असलेली बरी. पंपातून गेलेल्या पाण्याचे इतके बारीक थेंब होतात, की नंतर ते इंधनापासून सुटणे अवघड जाते. पंप टाकीतच असेल, तर हा पर्याय उरत नाही. मग दाबाच्या बाजूला थेंब एकत्र जुळवणाऱ्या माध्यमाचा सेपरेटर लागतो. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात पाणी सुटण्याचा वेग मंदावतो, म्हणून अशा इंधनावर चालणाऱ्या वाहनाला मोठ्या आकाराचा सेपरेटर घ्यावा.

मूळ फिल्टरमध्ये पाण्याचा सेन्सर असतो आणि त्यावरच डॅशबोर्डचा दिवा लागतो. नवा सेपरेटर त्याच्या आधी आला, की पाणी नव्या बाऊलमध्ये साचते, दिवा शांत राहतो आणि चालक निर्धास्त होतो. त्यामुळे नव्या बाऊललाही सेन्सर असावा किंवा तो ठरलेल्या दिवशी न चुकता रिकामा करावा.

साहित्य

होज डिझेलसाठी बनवलेली आणि लाईनच्या दाबाला पुरून उरणारी हवी. एसएई ३० आर७ प्रतीची होज कमी दाबाच्या लाईनला चालते, टाकीतल्या पंपाच्या दाबावर ३० आर९ किंवा त्याहून वरची घ्यावी. नळीचा आतला व्यास मूळ लाईनपेक्षा कमी असू नये. होज क्लिपा अखंड पट्टीच्या घ्याव्यात, कारण खाचा पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा रबर कापतात. ओ-रिंगा, म्हणजे जोड बंद करणाऱ्या रबराच्या गोल कड्या, एफकेएम (फ्लोरिनयुक्त) रबराच्या असल्या, तर बायोडिझेलमध्येही टिकतात.

तांब्याची नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेले फिटिंग टाळावे. हे दोन्ही धातू डिझेलमध्ये अल्पांशाने उतरतात, तांबे इंधन लवकर बिघडवते आणि जस्तामुळे इंजेक्टरच्या तोंडाशी थर जमतो. पोलाद, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम वापरावे. आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात गुंडाळू नये. तिचा सुटलेला धागा सरळ पंपाकडे जातो. शक्यतो ओ-रिंगने बंद होणारे फिटिंग घ्यावे आणि निमुळते आटे टाळता येत नसतील, तर डिझेलला चालणारे द्रवरूप सीलंट पहिले दोन आटे सोडून लावावे.

जागा निश्चित करणे

चासीच्या रेलच्या आतल्या बाजूला, चाकांच्या चिखलापासून आणि दगडांपासून आडोसा असलेली जागा पाहावी. सायलेन्सर आणि पार्टिक्युलेट फिल्टर यांच्यापासून अंतर ठेवावे, कारण पार्टिक्युलेट फिल्टर साठलेली काजळी जाळत असताना त्या भागातले तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाते. फिल्टर वाहनाच्या सर्वांत खालच्या रेषेवर लोंबता नसावा. त्याच्याखाली तो फिरवून काढण्याइतकी मोकळी जागा आणि ड्रेनच्या चावीपर्यंत हात पोचण्याइतकी वाट मात्र हवी. ब्रॅकेट बसवताना चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू नये. त्याने रेल अशक्त होते. उभ्या बाजूवर आधीपासून असलेली भोके वापरावीत.

फिल्टर टाकीतील इंधनाच्या पातळीखाली येत असेल, तर फिल्टर उघडताच डिझेल आपोआप वाहू लागेल. अशा वेळी टाकीच्या बाजूला बंद करायची चावी बसवावी. तिचे पूर्ण उघडे छिद्र लाईनच्या व्यासाइतके असावे, अन्यथा तीच नवा अडथळा होते. थंड प्रदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मूळ फिल्टरला बहुधा हीटर असतो किंवा गरम परतीचे इंधन तिथून फिरवलेले असते, उघड्यावरच्या नव्या फिल्टरला यातले काही नसते. मेणाचे कण धरून तोच पहिल्यांदा बुजतो, म्हणून तिथे हीटर असलेला फिल्टर हेड (फिल्टर ज्यावर चढवतात तो वरचा भाग) घ्यावा.

प्रत्यक्ष जोडणी

काहीही तोडण्याआधी मूळ स्थितीतला आकडा घेऊन ठेवावा. ओढीच्या लाईनवर फीड पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज आणि दाबाच्या लाईनवर हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज लावून रिकाम्या चालीवर व पूर्ण भारावर काय दाखवते, ते लिहून ठेवावे. एक इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम म्हणजे सुमारे ३.४ किलोपास्कल. मॅन्युअलमध्ये दिलेली कमाल मर्यादा आणि हा आकडा यांत जेवढी जागा उरते, तेवढाच अडथळा नवा फिल्टर घालू शकतो. ही जागा आधीच संपलेली असेल, तर आधी मूळ फिल्टर, टाकीतली जाळी आणि दबलेली नळी तपासावी. नवा फिल्टर हे त्यावरचे उत्तर नव्हे.

इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार काढावी, टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ द्यावा. जिथे काम करायचे तो भाग, आजूबाजूची चासी आणि जोड वायरब्रश व क्लीनरने धुऊन पूर्ण वाळवावेत. धूळ उडत असलेल्या जागी किंवा शेजारी ग्राइंडर चालू असताना हे काम करू नये. हातमोजे आणि धागे न सुटणारे कापड वापरावे. उघडे पडलेले प्रत्येक तोंड त्याच क्षणी टोपीने बंद करावे, ‘आत्ता जोडतोच आहे’ म्हणून मोकळे ठेवू नये.

मूळ लाईन कापण्याऐवजी तिच्या क्विक कनेक्टरवर जोडणी करता आली, तर उत्तम. हे कनेक्टर मापाच्या खास साधनाने सोडवावेत, स्क्रूड्रायव्हरने उचकटले की आतली ओ-रिंग कापली जाते. होज धारदार पात्याने एका झटक्यात कापावी. करवतीने कापल्यास रबराचा भुगा आत राहतो. कापलेल्या प्रत्येक तुकड्यातून फिल्टर केलेले डिझेल जोराने सोडून ते स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि भांड्याच्या तळाशी काही बसत नाही याची खात्री झाल्यावरच तुकडा जोडावा. या पायरीला लोक कंटाळतात, पण फिल्टरनंतरच्या नळीतला कचरा अडवायला पुढे दुसरा फिल्टर असेलच असे नाही.

फिल्टर हेडवरील बाणाची दिशा पाहून जोडणी करावी. आट्यांनी चढणाऱ्या बहुतेक फिल्टरमध्ये कडेची लहान भोके मळक्या डिझेलची आणि मधले मोठे भोक स्वच्छ डिझेलचे असते. बारीक टप्प्याचा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नये, कारण मधल्या भोकात पडलेले डिझेल न गाळलेले असूनही थेट स्वच्छ बाजूला जाते. सील रिंगला डिझेलचे बोट लावावे, हाताने टेकेपर्यंत फिरवावे आणि पुढे खोक्यावर सांगितलेला अर्धा किंवा पाऊण फेरा द्यावा. पान्याने आवळू नये. होज दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर रबर लावलेल्या क्लिपेने बांधावी आणि जिथे ती धातूच्या कडेला घासेल, तिथे बाहेरून संरक्षक नळी चढवावी.

हवा काढणे

बॅटरी पुन्हा जोडून, विजेचा फीड पंप असेल तर इंजिन सुरू न करता चावी चालू-बंद करत पंपाला काही वेळा फिरू द्यावे, हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबावा. फिल्टर हेडवरील ब्लीड स्क्रू किंचित सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल कापडात घ्यावे आणि मग स्क्रू बंद करावा. त्यानंतर सेल्फ मारावा. सेल्फ सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नये आणि मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. कोरडा फिरलेला हाय प्रेशर पंप स्वतःच खरवडला जातो, म्हणून हवा काढण्यात घाई करू नये.

जुन्या इंजिनात इंजेक्टरच्या लाईनीचा नट सैल करून हवा काढत असत. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नये. रेलमधून सुटणारी डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर केवळ टोचल्याची खूण दिसत असली, तरी ही तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम असते. गळती शोधताना बोट न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

तपासणी

इंजिन दहा मिनिटे चालवून प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावा. मग तेच गेज पुन्हा लावून, तेवढ्याच भारावर, आधीच्या आकड्याशी ताडावे. ओढीची लाईन असेल, तर पंपाच्या अगदी आधी थोडा वेळ पारदर्शक होज लावून पाहणे उपयोगाचे ठरते. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावरही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, तर कुठेतरी हवा धरली जात आहे. लक्षणांवरूनही फरक ओळखता येतो. रात्रभर उभी राहिल्यावर गाडी उशिरा सुरू होत असेल, तर बहुधा हवा आत येत आहे. सुरू लगेच होते, पण चढावर किंवा भार असताना ओढत नसेल, तर अडथळा आहे.

पुढील देखभाल

नव्या होजमधून आणि फिटिंगमधून सुरुवातीला थोडा कचरा सुटतोच, त्यामुळे पहिला फिल्टर तीन ते पाच हजार किलोमीटरवर बदलावा. त्यानंतर उत्पादकाने दिलेले अंतर किंवा गेजवरील फरक, जे आधी येईल ते पाळावे. काही जण अतिकाळजीने फिल्टर फार लवकर बदलतात. त्याची गरज नाही. माध्यमावर थोडा थर बसला, की त्याची गाळण्याची क्षमता उलट वाढते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी स्वच्छ बाजू नव्याने उघडी पडते. बाऊल मात्र सुरुवातीला दर आठवड्याला रिकामा करून पाहावा आणि निघणाऱ्या पाण्याच्या प्रमाणावरून पुढचा नेम ठरवावा.

वाहन वॉरंटीत असेल, तर इंधन लाईनमधील बदलाबाबत विक्रेत्याकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे.

काढलेला फिल्टर फेकून देण्यापूर्वी पाईप कटरसारख्या, भुगा न पाडणाऱ्या साधनाने कापून माध्यमाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तपकिरी चूर्ण दिसले तर टाकीत किंवा साठवणीच्या पिंपात गंज आहे. काळा, बुळबुळीत आणि उग्र वासाचा थर बुरशीकडे बोट दाखवतो, तेव्हा टाकी धुऊन जंतुनाशक वापरल्याशिवाय फिल्टर बदलत राहणे व्यर्थ आहे. चमकणारे धातूचे कण मळक्या बाजूला मिळाले, तर ते फीड पंपाचे किंवा परतीच्या नळीने टाकीत आलेले असतात. ही दुसरी शक्यता गंभीर आहे. हाय प्रेशर पंप स्वतःच झिजत असेल, तर त्याचे कण परतीच्या मार्गाने टाकीत येतातच, शिवाय फिल्टरला वळसा घालून थेट रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्येही जातात. पंपाच्या आधी बसवलेला कोणताही फिल्टर ते अडवू शकत नाही. असे कण दिसल्यावर वाहन चालवणे थांबवावे, परतीच्या लाईनीतील इंधनाचा नमुना पांढऱ्या कापडावर गाळून पाहावा आणि हाय प्रेशर पंप उघडून तपासल्यानंतरच पुढचा फिल्टर चढवावा.